डोळ्यातला बुडबुडा

गल्लीतले सगळे त्यांना बुडबुडेकाका म्हणत आणि त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. नाव खोटं थोडंच होतं? माणसं आयुष्यभर गाड्या चालवतात, हिशेब लिहितात, भिंती रंगवतात. काकांनी तीस वर्षं पगार घेतला तो बुडबुड्यांकडे बघण्याचा.

त्यांच्या क्वार्टरच्या मागे उंच मनोरा होता. मनोऱ्याच्या पोटात वरपासून खालपर्यंत एक रुंद नळी. नळीतली हवा पंपाने काढून टाकायची, कपाटाएवढा एक लोखंडी डबा विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, वर न्यायचा आणि सोडून द्यायचा. डबा पडत असतो तेवढा वेळ त्याच्या आत कशालाच वजन नसतं. तेवढा वेळ म्हणजे किती, तर एक जांभई. मग खाली हौदात थर्मोकोलचे बारीक मणी भरलेले असतात, त्यांत डबा धप्पकन जाऊन बसतो. एवढ्या जांभईसाठी लांबलांबून शिकलेली माणसं येत, महिनोन् महिने ताटकळत आणि खूश होऊन जात.

डब्यात एक पारदर्शक पेटी असे. ती भरणं काकांचं काम. तेल असो वा पाणी, ते असं भरायचं की आत नको असलेली हवा टिपूसभरही राहता कामा नये. मग बारीक सुईने पाहिजे तेवढाच बुडबुडा, पाहिजे तिथे सोडायचा. डबा पडून गेला की कॅमेऱ्याने टिपलेली फीत सावकाश पुढे सरकवत बुडबुड्याची कड पडद्यावर मापायची. या कामात घाई करून उपयोग नाही. काकांना घाई कशाचीच नव्हती, म्हणून ते तिथे टिकले.

घरी मात्र त्यांच्या या कामाची किंमत शून्य. काकू शाळेचे गणवेश शिवत, दिवसभर मशीनवर. नवरा संध्याकाळी यायचा तो खिशांत, कॉलरमध्ये, केसांत थर्मोकोलचे मणी घेऊन. ते मणी निळ्या कापडाला चिकटले की निघता निघत नसत. “आज काय केलंत?” काकू सुरुवातीला विचारायच्या. “काही नाही, नेहमीचंच,” काका म्हणायचे. पुढे काकूंनी विचारणं सोडलं. काकांची सगळी उत्तरं अशीच असत. पगार थांबला, ठीक आहे. दाढ दुखते, ठीक आहे. त्या माणसाला ताप आलेला काकूंना हात लावून कळायचा, त्याच्या तोंडून नाही.

डोळ्याचंही त्यांनी असंच केलं. एके दिवशी फितीतला बुडबुडा त्यांना मधोमध चेपल्यासारखा दिसला. वजन नसताना मोकळा सोडलेला बुडबुडा गोल असतो, त्याला चेपणार कोण? काकांनी कॅमेऱ्याचं भिंग बदलून घेतलं. मग दिवा बदलला. मग पडद्यावरच्या मापपट्टीलाही मधे पोक आलेलं दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी पडदा बदलायचा अर्ज केला. कॅमेरेवाला वैतागला. चार महिने त्या बिचाऱ्या यंत्राची शहानिशा चालली होती आणि वाकडं होतं ते काकांच्या डोळ्यात. हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. घरच्या दाराची चौकटही त्यांना मधे तशीच वाकडी दिसली होती. पण यंत्र बिघडलं की दुरुस्त होतं, आणि डोळ्याचं बोलायचं म्हणजे घरी बोलायला लागतं.

शेवटी काकूंनीच पकडलं. सुईत दोरा ओवायचं काम घरात काकांचं होतं. त्या सकाळी काकूंनी सुई दिली, आणि काका दोरा सुईच्या शेजारच्या हवेत घालत राहिले. काकू बघत राहिल्या. मग त्यांनी मशीनवर झाकण टाकलं, पर्स उचलली आणि नवऱ्याला म्हणाल्या, “चला.”

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्याला बरोबर मधोमध भोक पडलंय. काकांचा डावा डोळा लहानपणापासून आळशी, त्याने फार तर अंधार आणि उजेड कळायचा. सगळी मदार उजव्यावर. तोच हा.

“चार महिने काय करत होता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यापुढे डॉक्टरीणबाई परवडल्या.

ऑपरेशन झालं. आतला द्रव काढून त्या जागी वायूचा बुडबुडा भरला. तो बुडबुडा मागच्या भोकावर दाबून बसला पाहिजे, तरच भोकाच्या कडा जुळतील. आणि बुडबुडा जातो नेहमी वरच्या बाजूला. म्हणून डोळ्याची मागची बाजू वर करायची. म्हणजे मान खाली, तोंड जमिनीकडे. जेवताना, झोपताना, बोलताना, एक आठवडा.

“मान उचलली की बुडबुडा सरकला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सरकला की भोक उघडं. दुसरी संधी मिळेल असं धरून चालू नका.”

“बुडबुड्याचं मला सांगता होय?” काका म्हणाले आणि हसले. काकू हसल्या नाहीत.

घरी आल्यावर काकूंनी स्पंजची जाड गादी कापून तिचं कडं केलं, वरून मऊ कापड शिवलं आणि ते शिवणाच्या टेबलाच्या कडेला घट्ट बांधलं. काका खुर्चीवर बसत, कपाळ आणि गाल त्या कड्यात टेकवत आणि फरशी बघत. बघत म्हणजे काय, उजव्या डोळ्यापुढे नुसतं दुधाळ पाणी. डाव्याला काकूंच्या पायांची सावली सरकलेली तेवढी कळायची. मशीन सुरू झालं की फरशीला बारीक कंप यायचा. जेवण खालच्या पाटावर ठेवलेलं असायचं आणि काका हाताने चाचपडत घास घ्यायचे. रात्री पलंगावर पालथं झोपायचं, तोंड कडेबाहेर. पहिल्या दिवशी मान दुखली. दुसऱ्या दिवशी मानच नको झाली. काकूंनी विचारलं, “दुखतंय का?” काका म्हणाले, “ठीक आहे.”

सगळं ठीक होतं, फक्त भोंग्याचा विचार कुणी केला नव्हता.

डबा सोडायच्या आधी मनोऱ्यावर भोंगा वाजे, हौदाजवळच्यांनी बाजूला व्हावं म्हणून. भोंगा वाजला की काका तीस वर्षं एकच गोष्ट करत आले होते. काचेमागे उभं राहून मान झटक्यात वर करायची आणि नळीच्या टोकाचा दिवा लाल आहे की हिरवा ते बघायचं. आता यात विचार कुठे होता? दाराची कडी वाजली की आपण ‘कोण?’ म्हणतो, तसं ते होतं.

पहिले दोन दिवस मनोरा बंद होता. तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला आणि काकांची मान वर झाली.

डोळ्यात काहीतरी डचमळलं. दुधाळ पाण्यात एक चकाकती रेघ हेलकावली, वरून उजेड आत घुसला. काकांनी तोंड पुन्हा कड्यात खुपसलं.

“उचललीत का मान?” काकूंनी आतून विचारलं.

“नाही.”

दुपारी भोंगा वाजला तेव्हा काका तयारीत होते, दोन्ही हातांनी टेबल धरून. तरी मान उचललीच, जरा कमी. काकू बाजारात गेल्या होत्या. त्या आल्यावर काकांनी काही सांगितलं नाही. तिसऱ्यांदा मात्र काकू समोरच बसल्या होत्या, काजं करत. त्यांनी हातातलं टाकून नवऱ्याचं डोकं धरलं आणि खाली दाबलं, जोरात, राग आल्यासारखं. राग आलाच होता.

“पहिल्यांदाच झालं ना हे?”

“हो,” काका फरशीला म्हणाले.

काकू चपला घालून निघाल्या त्या थेट मनोऱ्यात. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या. गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. काका कड्यात तोंड घालून बसले आणि त्यांना त्या दिवशी खरी भीती वाटली. नोकरीची नव्हे, अंधाराची. आळशी डोळ्याच्या भरवशावर उरलेले दिवस काढायचे, बायकोचा हात धरून रस्ता ओलांडायचा, समोर कोण आलंय ते आवाजावरून ओळखायचं. आणि हे सगळं एका भोंग्यापायी. त्यांना रडू आलं, पण या डोळ्याला रडलेलं चालतं का ते विचारायचं राहिलं होतं, म्हणून त्यांनी तेही आवरलं.

मग त्यांना आपलंच हसू आलं. तीस वर्षं ते वजन नाहीसं करण्याच्या नोकरीत होते. वजन गेलं रे गेलं की बुडबुडा जागच्या जागी थांबतो, हे त्यांनी हजारदा बघितलं होतं. त्याला वर म्हणजे कुठे तेच कळत नाही. आता त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात एक बुडबुडा होता, आणि त्याला वर कुठे ते कळत राहावं यासाठी काका मनातल्या मनात हात जोडत होते. जमिनीने आपल्याला असंच ओढून धरावं, एक क्षणही सोडू नये, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. आजवर त्यांना ती ओढ म्हणजे कामातली अडचण वाटायची.

काकू परतल्या तेव्हा त्यांची चाल वेगळी होती. मनोऱ्याच्या मोठ्या मॅडमनी त्यांना बसवून नीट ऐकून घेतलं होतं. भोंगा बंद ठेवता येणार नाही, ते जिवावरचं काम. डबे थांबवताही येणार नाहीत, लोक लांबून आलेत. पण विंचवाला म्हणाला, मी आधी फोन करत जाईन, काकूंनी मान धरायची. ठरलं.

“आणि त्यांनी मला ते दाखवलं,” काकू म्हणाल्या. त्या फरशीवर बसल्या होत्या, काकांच्या तोंडाखाली, भिंतीला टेकून. “तुमचं ते. तेलातला बुडबुडा.”

“बरं.”

“वर चालला होता आपला. एकदम थांबला. कुणीतरी मागून हाक मारल्यासारखा.”

काकांनी कड्यात कपाळ जरा सरकवून घेतलं.

“इतकं छान बघत होतात रोज, आणि मला म्हणायचात ‘नेहमीचंच’?”

“तू विचारायचं सोडलंस.”

“तुम्ही सांगायचं सोडलंत म्हणून विचारायचं सोडलं.” काकूंचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणून तो काकांना जास्त लागला. “आता हलता येत नाहीच आहे. सांगा.”

दुसऱ्या दिवसापासून फोन येऊ लागले. पहिल्या फोनवर विंचवाला म्हणाला, “काकू, डबा वर गेला.”

“सकाळी सकाळी वर गेला काय म्हणता? वर पोचला म्हणा.”

तेव्हापासून तो ‘पोचला’ म्हणू लागला. फोन ठेवून काकू धावत यायच्या, दोन्ही तळवे काकांच्या मानेवर ठेवायच्या आणि अंगाचा भार द्यायच्या. भोंगा वाजायचा. तळव्यांखाली मान उसळायची, पण उठायची नाही. आणि तशा दबलेल्या अवस्थेत काका बोलत राहायचे.

“आता सुटेल. सुटला की आत वजन नाही. आज पाण्याची पेटी आहे, अर्धी भरलेली. पाणी कडांनी वर चढायला लागेल. कोपऱ्यांत तर धावतं ते.”

“पाणी? आपणहून वर?”

“त्याला काचेचा लळा असतो गं. एरवी वजन त्याला खाली बसवतं. वजन गेलं की ते काचेला बिलगतं. मधे खळगा पडतो. मोकळं सुटलं तर गोळा होऊन राहतं, सांडत नाही. सांडायला खाली पाहिजे ना.” मग लांबून धप्प असा आवाज यायचा. “संपलं.”

कधी उकळीचा प्रयोग असायचा. तापलेल्या तारेवर बुडबुडा येतो, पण सुटून जात नाही, तारेलाच धरून फुगत बसतो, हे काकांनी सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, “आपल्या पुतण्यासारखा. लग्न झालं तरी घर सोडेना.” काका हसले आणि काकूंनी मान आणखी दाबली, कारण हसतानाही डोकं हलत होतं.

एकदा काकूंनी विचारलं, “बुडबुडा एरवी वर का जातो? त्याला काय हवं असतं वर?”

“त्याला काही नको असतं. पाण्याला खाली जायची घाई असते, ते त्याला ढकलून देतं. जड माणसं बसली की हलक्याला उठावं लागतं, तसं.”

“म्हणजे तुमच्या डोळ्यातला तो...”

“डोळ्यात थोडं पाणी आहे. ते त्याला वर दाबून धरतंय. भोकावर.”

काकूंनी हातातलं एक काज पुरं केलं. मग म्हणाल्या, “भोकाला काय होतंय ते दिसतं का तुम्हाला?”

“नाही.”

तीन वेळा मान उचलली गेली होती. त्यांतल्या दोन काकांनी अजून सांगितल्या नव्हत्या. जीभ टोकापर्यंत आली होती कितीदा, पण काकूंचे तळवे मानेवर उबदार होते आणि सांगितलं की ते उचलले जातील असं त्यांना वाटलं. वेडेपणाच तो.

आठवडा संपला. डॉक्टरीणबाईंनी मान वर करायला सांगितली, तेव्हा खोली गरगर फिरली. त्यांनी डोळ्यात बराच वेळ दिवा मारून बघितलं. “मला तरी बरं वाटतंय,” त्या म्हणाल्या. “पण वायू आहे तोवर नक्की नाही सांगता येणार. तो हळूहळू आपोआप विरेल. विरला की सरळ रेघ सरळ दिसते का बघा. दिसली की मी मानेन. मधेच पोक दिसलं, तर मग बघू.”

‘मग बघू’ हे डॉक्टर कधी म्हणतात ते काकांना ठाऊक होतं.

पुढचे काही आठवडे काकांनी आपला बुडबुडा आतून बघितला. वरच्या बाजूने स्वच्छ दिसायला लागलं आणि खाली काळसर, मधे एक रेघ, गवंड्याच्या पाणसळीतल्या पाण्यासारखी. मान कलली की कलायची, चालताना डुचमळायची. रोज ती थोडी खाली उतरत होती. काका उजेडात बसून सगळं काकूंना सांगायचे, न विचारता. आज रेघ नाकाच्या शेंड्यापर्यंत आलीय. आज ती गोल व्हायला लागली. आज खाली एक काळा मणी उरलाय, वाकलं की मधे येतो. काकू मशीन थांबवून ऐकायच्या. पण खिडकीच्या गजांकडे, दाराच्या चौकटीकडे काका टक लावून बघत नसत. नजर चुकवत. सरळ वस्तूंची त्यांना भीती बसली होती.

एका सकाळी वाकून चपला घालताना त्यांच्या लक्षात आलं, मणी नाही. दोनदा वाकून बघितलं. नव्हता. त्यांनी ते काकूंना सांगितलं आणि फिरायला निघाले.

“थांबा,” काकू म्हणाल्या.

टेबलावर गडद निळं कापड पसरलेलं होतं. काकू पाठमोऱ्या उभ्या राहून खडूने त्यावर काहीतरी करत होत्या. मग त्यांनी काकांना खांद्याला धरून टेबलापाशी आणलं, मागून हात घालून त्यांचा डावा डोळा तळव्याने झाकला आणि म्हणाल्या, “बघा.”

काकांनी बघितलं. निळ्यावर पांढरी रेघ होती, हातभर लांब. मधे तिला पोक होतं.

त्यांनी डोळा मिटला, उघडला. पोक तिथेच होतं. म्हणजे भोक मिटलं नव्हतं. म्हणजे त्या तीन वेळा. इतके दिवस ही बाई त्यांची मान धरून बसली, गणवेश रखडले, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, आणि सगळं त्यांनी मानेच्या तीन झटक्यांत वाया घालवलं होतं. आत्ता लगेच तिला हे कळायला नको. दुपारी सांगू. उद्या सांगू.

“कशी दिसते?” काकूंनी मागून विचारलं.

“सरळ.”

“नीट बघा.”

“सरळ आहे गं. एकदम सरळ. झालं काम.”

मागे काकूंनी नाक ओढलं. काकांना वाटलं, बिचारी आनंदाने रडतेय, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की टेबलाखाली जाऊन बसावं.

“मी वाकडी ओढलीय,” काकू म्हणाल्या.

काकांना आधी कळलंच नाही.

“मला माहीत होतं तुम्ही सरळच म्हणणार. डोळा गेला असता तरी सरळच म्हणाला असतात. म्हणून मुद्दाम वाकडी ओढली.” काकूंचा आवाज फुटला. “आता खरं सांगा. कुठे वाकलीय?”

काकांनी हात पुढे केला. बोट रेघेच्या एका टोकाला ठेवलं आणि ते हळूहळू पुढे नेलं, पोकापाशी वळवलं, परत खाली आणलं, पार दुसऱ्या टोकापर्यंत. बोट रेघेवरून कुठेही घसरलं नाही. काकू त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या.

“मान मी तीनदा उचलली होती,” काका म्हणाले. “तुला एकच सांगितली.”

“माहितेय,” काकू म्हणाल्या आणि त्यांच्या पाठीवर डोकं टेकवून मोठ्याने रडल्या.